बीज आणि भूमी

मराठी भाषेत दोन म्हणी फार जुन्या आहेत. एक म्हण सांगते, 'खाण तशी माती.' दुसरी सांगते, 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' पहिलीचा रोख असा की, मूल जन्मतःच आपल्या आईबापांचे गुण घेऊन येते. दुसरीचा रोख असा की, ज्याच्या संगतीत दिवस जातात, त्याचे वळण अंगी लागते. दोन्ही म्हणी लोकांच्या दीर्घ अनुभवातून निघालेल्या आहेत. परंतु एकीचे म्हणणे दुसरीला मान्य नाही, असे दिसते. मग खरी कोणती?

डोळ्यांचा रंग किंवा केसांचा कुरळेपणा वारशाने येतो, याविषयी वाद नाही. उलट, भाषा संगतीने येते. मराठी आईबापांचे मूल तान्हेपणापासून तमिळ घरात वाढले, तर ते तमिळच बोलू लागेल. पण मनाचे काय? एखादे मूल सदा आनंदी असते. एखादे लहानशा गोष्टीनेही भेदरते. एखादे वाढत्या वयात दीर्घ उदासीनतेने ग्रासले जाते. हे बीजाचे फळ मानावे की भूमीचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी शेतकऱ्याच्या अनुभवाकडे पाहावे. एकाच कणसातले ज्वारीचे दाणे त्याने दोन ठिकाणी पेरले, तर काळ्या कसदार रानात ताटे पुरुषभर उंच होतात आणि मुरमाड माळावर ती गुडघ्याएवढीच राहतात. येथे बीज एकच, अंतर भूमीचे. आता एकाच रानात शेजारीशेजारी दोन वाणांचे बी पेरले आणि ऐन वेळी पावसाने ओढ दिली, तर एक वाण तग धरतो व दुसरा करपून जातो. येथे भूमी एकच, अंतर बीजाचे. परंतु पाऊस वेळेवर पडला असता, तर तो दुसरा वाणही तरारला असता! उभ्या पिकाचा इतका भाग बीजाचा व इतका भाग भूमीचा, असे कापून कोणाला दाखवता येईल काय? मनाच्या आरोग्याचेही पुष्कळसे असेच आहे.

मनाचे आरोग्य म्हणजे सदासर्वकाळ आनंदी असणे नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्री छातीत धडधडते, मित्राशी भांडण झाले की वाईट वाटते, घरातील कोणी निवर्तले तर डोळ्यांना धार लागते. हे आजार नव्हेत. हे मनाचे ऋतू होत. ते येतात आणि जातात. परंतु कधीकधी ऋतू पालटतच नाही. उदासी किंवा भीती आठवडेच्या आठवडे टिकते, भूक व झोप उडते, आवडता खेळ नकोसा होतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. अशा वेळी तापाने फणफणलेल्या शरीराप्रमाणे त्या मनालाही उपचारांची गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात १० ते १९ वर्षे वयाच्या दर सात मुलांमागे एकाला असा कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. ही सरासरी धरली, तर बेचाळीस मुलांच्या वर्गात सहा मुले होतात. म्हणजे ही गोष्ट विरळा नाही, आणि लाजिरवाणी तर मुळीच नाही.

मग तो विकार त्या सहांनाच का व्हावा आणि छत्तीसांना का होऊ नये?

प्रथम बीजाचा विचार करू. मनुष्याचे शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून व एक वडिलांकडून आलेले असते. या गुणसूत्रांवर सुमारे वीस हजार जनुके असतात. शरीर कसे घडवावे व कसे चालवावे, याच्या सूचना या जनुकांत साठवलेल्या असतात. मेंदूही याच सूचनांप्रमाणे घडतो. मनाचे व्यापार मेंदूत चालतात; तेव्हा जनुकांचा मनाशी संबंध असणे स्वाभाविक आहे.

तो संबंध किती खोल आहे, हे तपासण्याची एक सुंदर युक्ती निसर्गानेच करून ठेवली आहे. ती म्हणजे जुळी भावंडे. काही जुळी एकाच बीजापासून झालेली असतात. त्यांचा वारसा जवळजवळ तंतोतंत सारखा असतो. काही जुळी दोन निरनिराळ्या बीजांपासून झालेली असतात. त्यांच्यातील साम्य सामान्य सख्ख्या भावंडांइतकेच असते. वारसा आणि संगोपन यांचा प्रभाव वेगळा ओळखण्यास जुळ्यांचा उपयोग होईल, हे इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन याने १८७५ साली दाखवून दिले. पुढे या मार्गाने अनेक देशांत संशोधन झाले.

या संशोधनामागील विचार सोपा आहे. मनाचे विकार केवळ वारशाने होत असते, तर एकबीज जुळ्यांपैकी एकाला झालेला विकार दुसऱ्यालाही हटकून झाला असता. ते केवळ परिस्थितीने होत असते, तर एका घरात वाढणाऱ्या दोन्ही प्रकारच्या जुळ्यांत काहीच फरक दिसला नसता. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी घडत नाहीत. छिन्नमनस्कता या गंभीर आजाराचेच उदाहरण घ्या. तो बहुधा तारुण्याच्या उंबरठ्यावर दिसू लागतो आणि शंभरांतील सुमारे एका माणसाला आयुष्यात कधीतरी होतो. एकबीज जुळ्यांपैकी एकाला तो झाला, तर दुसऱ्याला होण्याचा संभव अनेक पटींनी वाढतो. तथापि अशा निम्म्या किंवा त्याहूनही अधिक जोड्यांत दुसरे भावंड त्या आजारापासून मुक्तच राहते. बीज तेच, पण फळ निराळे! वारशाचा हात खरा. परंतु तो एकटा नाही, हाच याचा अर्थ.

मनाच्या एखाद्या विकाराचे एकच जनुक असावे, असे पूर्वी काहींना वाटे. २००३ साली न्यूझीलंडमधील डुनेडिन या शहरातील तरुणांच्या पाहणीवरून असे मांडले गेले की, एका विशिष्ट जनुकाचे विशिष्ट रूप ज्यांच्या अंगी असते, ते संकटानंतर नैराश्यात अधिक सहज बुडतात. या शोधाचा जगभर मोठा बोलबाला झाला. परंतु पुढे त्याहून कितीतरी अधिक लोकांची माहिती तपासण्यात आली, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात त्या जनुकाचे काही विशेष माहात्म्य आढळले नाही. विज्ञान असेच पुढे जाते. आपली चूक ते आपणच शोधते. आज असे दिसते की, नैराश्यासारख्या विकारांमागे एक जनुक नसून शेकडो जनुके असतात आणि प्रत्येकाचा वाटा अगदी अल्प असतो. जाड दोर जसा अनेक बारीक धाग्यांचा वळलेला असतो, तसाच हा वारसाही असतो. तो विकार देत नाही, विकाराकडे झुकणारा कल तेवढा देतो.

पण वारशाने एखादी गोष्ट आलीच, तर पुढे काहीच उपाय नाही काय? या प्रश्नाचे उत्तर नॉर्वे देशातील एका मातेच्या कथेत मिळते. तिची दोन्ही मुले जन्मली तेव्हा सुदृढ दिसत होती. परंतु पुढे त्यांच्या बुद्धीची वाढ खुंटली. त्यांच्या अंगाला व मूत्राला एक चमत्कारिक वास येई. ती माता वर्षानुवर्षे वैद्यांचे उंबरठे झिजवत राहिली. अखेर १९३४ साली आस्ब्यर्न फोलिंग या डॉक्टराने मुलांच्या मूत्रात फेरिक क्लोराइड हे रसायन मिसळून पाहिले, तेव्हा ते अनपेक्षितपणे हिरवे झाले. त्या हिरव्या रंगाचा माग काढीत फोलिंग आजाराच्या मुळापाशी पोहोचला. अन्नातील प्रथिनांत असणारा एक घटक या मुलांच्या शरीराला पचवता येत नव्हता. तो रक्तात साचून मेंदूला अपाय करीत होता. हा दोष आईबापांकडून मिळालेल्या जनुकांचा होता.

जनुके तर बदलता येत नव्हती. पण अन्न बदलता येत होते! १९५० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमधील डॉक्टरांनी तो घटक अत्यंत कमी असलेला आहार तयार केला. १९६० नंतर अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री याने नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून हा दोष ओळखण्याची सोपी रीत काढली. जन्मल्यावर लगेच दोष ओळखून तो आहार चालू ठेवला, तर त्या मुलांची बुद्धी इतर मुलांप्रमाणेच वाढते. बीज तेच राहिले. भूमी बदलली, आणि फळ पालटले. त्या नॉर्वेच्या मातेची स्वतःची मुले मात्र या शोधाने बरी होऊ शकली नाहीत, कारण उपाय सापडेपर्यंत फार उशीर झाला होता. पण तिने धरलेल्या चिकाटीमुळे पुढे जगातील असंख्य मुलांची आयुष्ये वाचली.

भूमी मनावर कसा परिणाम करते, हे पाहण्यासाठी कॅनडातील माँट्रियल शहरी मायकेल मीनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांचे निरीक्षण केले. काही उंदरिणी आपल्या पिलांना वारंवार चाटतात, काही क्वचितच चाटतात. ज्या पिलांना आईने पुष्कळ चाटले, ती मोठेपणी धीट निघाली. भीतीचा प्रसंग आला तरी ती लवकर शांत होत. ज्यांना थोडेच चाटले गेले, ती भित्री निघाली. हा वारशाचा परिणाम तर नसेल? ही शंका दूर करण्यासाठी संशोधकांनी पिलांची अदलाबदल केली. क्वचित चाटणाऱ्या आईची पिले पुष्कळ चाटणाऱ्या मादीजवळ वाढवली. तीही धीटच झाली! २००४ साली त्यांनी याचे कारणही दाखवले. आईच्या चाटण्यामुळे पिलांच्या मेंदूतील एका जनुकावरच्या रासायनिक खुणा बदलत होत्या. जनुक तेच राहिले होते. परंतु त्याने किती काम करावे, हे त्या खुणा ठरवीत होत्या. म्हणजे माया केवळ बीजाभोवती राहत नाही; ती बीजापर्यंत जाऊन पोहोचते.

मनुष्य म्हणजे काही उंदीर नव्हे. म्हणून माणसांच्या मुलांचे निरीक्षण माणसांतच करावयास हवे, आणि त्याला अर्धे आयुष्य द्यावे लागते. असे निरीक्षण कवाई बेटावर झाले.

प्रशांत महासागरातील हवाई बेटांमध्ये कवाई नावाचे एक लहानसे हिरवेगार बेट आहे. तेथे उसाचे व अननसाचे मोठमोठे मळे होते आणि त्यांवर काम करण्यासाठी जपान, फिलिपाइन्स इत्यादी देशांतून आलेली कुटुंबे तेथेच स्थायिक झाली होती. १९५५ साली या बेटावर ६९८ मुले जन्मली. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन विदुषींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांच्या आयुष्याचा मागोवा घेण्याचे ठरवले. मुले एक वर्षाची, दोन वर्षांची, दहा वर्षांची, अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांची चौकशी झाली. पुढे ती तिशीत व चाळिशीत पोहोचली, तेव्हाही झाली.

यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांची परिस्थिती विशेष बिकट होती. घरात दारिद्र्य, जन्माच्या वेळचे आजारपण, आईबापांतील भांडणे, दारूचे व्यसन, आई किंवा वडील यांना मनाचा आजार अशी अनेक संकटे त्यांच्या वाट्याला एकत्र आली होती. बीज आणि भूमी दोन्ही प्रतिकूल! या मुलांतील प्रत्येक तिघांपैकी दोघांना पुढे शिकण्यात, वागण्यात किंवा मनाच्या आरोग्यात गंभीर अडचणी आल्या. हे अपेक्षितच होते. पण उरलेला एक? तेथेच खरे आश्चर्य होते. अशी ७२ मुले निघाली की, ज्यांनी शिक्षण नीट केले, आपली कामे जबाबदारीने केली आणि जी मोठेपणी आत्मविश्वासाने व प्रेमळपणे जगली.

या ७२ मुलांजवळ असे काय होते? काहींचा स्वभाव जन्मतःच हसरा व मनमिळाऊ होता. हे बीजाचे देणे. असे मूल पाहून शेजारपाजारचेही त्याला उचलून घेत. म्हणजे बीज स्वतःच आपल्याभोवती चांगली भूमी गोळा करीत होते. काहींच्या अंगी एखादी कला किंवा छंद होता आणि त्यात त्यांना समाधान लाभत असे. पुष्कळांवर धाकट्या भावंडांना सांभाळण्यासारखी जबाबदारी होती. आपली कोणाला तरी गरज आहे, हे त्यांना ठाऊक होते. परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. या प्रत्येक मुलाला स्थिर मनाचे आणि जिव्हाळ्याचे निदान एक तरी माणूस लाभले होते. ते माणूस आई किंवा वडीलच होते असे नाही. कोणाची आजी होती, कोणाचे आजोबा, कोणाची मावशी, कोणाचा थोरला भाऊ. कोणाला शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेने आधार दिला होता. त्या एका माणसाने त्या मुलाचे ऐकून घेतले होते, आणि ते मूल त्याला मनापासून हवे होते.

ज्यांना असा आधार मिळाला नाही, ती मुले दुबळी होती असे मात्र कोणी समजू नये. शिवाय त्यांची कथाही तेथेच संपली नाही. अठराव्या वर्षी ज्यांचे कसे होणार अशी काळजी वाटत होती, त्यांतील अनेकजण तिशी-चाळिशीपर्यंत सावरलेले आढळले. कोणी सुटलेले शिक्षण पुन्हा सुरू केले, कोणी नवा धंदा शिकले, कोणाला समजूतदार जोडीदार मिळाला. मनाच्या शेतीत हंगाम एकदाच येतो असे नाही.

वाढत्या वयातील मुलांना या गोष्टी जाणून घेण्याची गरज विशेष आहे. तेरा-चौदाव्या वर्षी शरीराबरोबर मेंदूतही मोठे बदल चालू असतात. विचार करून आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशी उलटल्यावर पूर्ण परिपक्व होतो. या काळात भूमीचा परिणाम अधिक होतो. पुरेशी झोप, मैदानावरचा खेळ आणि विश्वासाची सोबत ही मनाची खतपाणी होत. याउलट, मार, चिडवणे, अपमान आणि एकटेपणा यांनी कोवळे मन करपते. ज्याच्या घरात कोणाला मनाचा आजार आहे, त्याने 'मलाही तो होणारच' असे भय बाळगू नये. वारसा कल देतो, निकाल देत नाही. आणि ज्याला आजार झाला, त्याला किंवा त्याच्या आईबापांना दोष देण्याचे तर काहीच कारण नाही. बीज कोणीही निवडून आणलेले नसते.

मनाच्या आजारावर उपचार आहेत. काहींना जाणत्या समुपदेशकाशी बोलून बरे वाटते, काहींना औषधांचीही गरज लागते. मानसिक आजारांवरील उपचारांना शरीराच्या आजारांवरील उपचारांप्रमाणेच समान वागणूक मिळाली पाहिजे, असे भारतात २०१७ साली संमत झालेला मानसिक आरोग्यविषयक कायदा सांगतो. २०२२ सालापासून शासनाने 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवाही चालू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते. परंतु पहिले पाऊल याहूनही सोपे आहे. ज्याचे मन फार दिवस जड झाले असेल, त्याने ते विश्वासाच्या एका वडीलधाऱ्या माणसाजवळ उघड करावे. एकाने ऐकले नाही, तर दुसऱ्याजवळ जावे. नॉर्वेची ती माता पहिल्या वैद्यापाशीच थांबली असती, तर काय झाले असते?

आता त्या दोन म्हणींकडे पुन्हा वळू. 'खाण तशी माती' ही म्हण खोटी नाही, आणि ढवळ्या-पवळ्याची म्हणही खोटी नाही. दोन्ही अर्ध्याअर्ध्या खऱ्या आहेत. दोन्ही एकत्र वाचल्या, म्हणजे पूर्ण सत्य हाती येते. बीजावर कोणाचा अधिकार चालत नाही. भूमीचे तसे नाही. एका बाकावर बसणारी दोन मुले एकमेकांची भूमी असतात. मधल्या सुट्टीत एकटे बसलेल्या मुलाला जो खेळायला हाक मारतो, चिडवले जाणाऱ्याच्या बाजूने जो उभा राहतो, तो त्याच्या भूमीत ओंजळभर पाणी घालतो. कवाई बेटावरच्या मुलांना जे एक माणूस भेटले, तसे माणूस होण्यासाठी फार मोठे असावे लागते असे नाही. थोरल्या भावंडांनीही ते काम केले होते.